एक फुल, एक हाफ

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी सप्टेंबरात समाजशास्त्राच्या तासाला मॅडमनी टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या. सेमिनारचे विषय होते. माझ्या मैत्रिणीला हुंडा मिळाला (म्हणजे विषय!), मागच्या बाकावरच्या एकाला ग्रामसभा मिळाली आणि माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते : 'ब्रिटनमधील विद्यापीठांतील लिंगभावाचा वाद – कॅथलीन स्टॉक प्रकरण.' मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हते.

"मॅडम, बदलून मिळेल का?" मी विचारले.

"आधी वाच. मग सांग."

मॅडमना 'नाही' म्हणायचे असले की त्या असेच म्हणतात, हे त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांना माहीत आहे.

मी सीमेजवळच्या एका लहान खेड्यातून रोज बसने कॉलेजला येते. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत, आई भांगलणीला जाते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे कोणतेही इंग्रजी पुस्तक उघडले की आधी भीती वाटते, मग राग येतो आणि मग शब्दकोश उघडावा लागतो. या विषयात पहिल्याच पानावर 'जेंडर-क्रिटिकल फेमिनिझम' असा शब्द भेटला. क्रिटिकल हा शब्द आमच्या घरी सर्वांना ठाऊक आहे. दवाखान्यात पेशंट ज्या अवस्थेत असतो आणि डॉक्टर ज्या अवस्थेत पैसे भरायला सांगतात, ती अवस्था. आईने विचारले, "काय वाचालीस?" मी म्हटले, "बायकांचा एक पंथ हाय इंग्लंडात, क्रिटिकल म्हणत्यात त्यास्नी." आई म्हणाली, "अरारा! वाचतील न्हवं?"

तर हा पंथ असा. या स्त्रिया म्हणतात की लिंग आणि लिंगभाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लिंग हे शरीराचे, जन्माबरोबर आलेले, न बदलणारे. लिंगभाव म्हणजे समाजाने त्या शरीरावर घातलेले दागिने आणि बेड्या. बाईने खाली मान घालून चालावे, मोठ्याने हसू नये, तिला स्वयंपाक आलाच पाहिजे, हा सारा लिंगभाव. त्याची चिकित्सा करायची, तो मोडायचा, म्हणून 'क्रिटिकल'. इथपर्यंत कोणाही स्त्रीवादी बाईला मान्य व्हावे. सिमोन द बोव्हार यांचे 'द सेकंड सेक्स' १९४९ मध्ये आले, तेव्हापासून हे चाललेलेच आहे. भांडण याच्या पुढच्या पायरीवर लागते. ज्याचा जन्म पुरुषाच्या शरीरात झाला, पण जी स्वतःला बाई समजते आणि बाई म्हणून जगते, ती बाई की नाही? जेंडर-क्रिटिकल स्त्रिया म्हणतात, नाही. तिला सुखाने जगू द्या, तिला कोणी मारू नये, कामावरून काढू नये. पण स्त्रियांचे तुरुंग, स्त्रियांचे आश्रयगृह, स्त्रियांच्या शर्यती या शरीराने स्त्री असणाऱ्यांसाठी आहेत. दुसरी बाजू म्हणते, हो, ती बाईच आहे. तिला दाराबाहेर उभी करणारा स्त्रीवाद हा स्त्रीवादच नव्हे.

कॅथलीन स्टॉक या ससेक्स विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक होत्या. ब्रिटनमध्ये २००४ पासून लिंगबदलाला कायद्याची मान्यता देणारा कायदा आहे, पण त्यासाठी डॉक्टरांचे दाखले लागतात. ही अट सैल करावी का, यावर २०१८ मध्ये सरकारने लोकांची मते मागवली. त्या सुमारास स्टॉक यांनी लिहायला सुरुवात केली. २०२१ मध्ये त्यांचे 'मटीरियल गर्ल्स' हे पुस्तक आले. त्याच वर्षाच्या नववर्ष सन्मानांत त्यांना ओ.बी.ई. हा सरकारी किताब मिळाला, तेव्हा तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रातल्या सहाशेहून अधिक लोकांनी त्यांच्या विरोधात खुले पत्र काढले. ऑक्टोबरात ससेक्समध्ये त्यांना काढून टाका अशी भित्तिपत्रके लागली. तोंडे झाकलेली मुले धुराच्या कांड्या पेटवून उभी राहिली. कुलगुरूंनी त्यांची बाजू घेतली, पण प्राध्यापकांच्या संघटनेची तिथली शाखा त्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला.

मला हे वाचून धक्काच बसला. आमच्याकडे प्राध्यापकांच्या विरुद्ध विद्यार्थी उभे राहतात ते पेपर अवघड काढला म्हणून. पुस्तक लिहिले म्हणून नव्हे. तिथली मुले पुस्तके वाचून भांडतात याचा मला आधी हेवा वाटला. पुढे वाचले तेव्हा लक्षात आले की भांडणाऱ्यांपैकी अनेकांनी ते पुस्तक वाचलेले नसावे. हे मात्र आपल्याकडच्यासारखेच.

आता खरे सांगते. पहिल्या महिन्याभरात मी पुरती स्टॉकबाईंच्या बाजूची झाले होते. त्याला कारण घरचे आहे. मी तिसरी मुलगी. माझ्या आधीच्या दोघींनंतर आणि माझ्या आधी आईचे एकदा 'पडले', असे आमच्याकडे म्हणतात. ते पडले नव्हते. तालुक्याच्या नव्हे, लांबच्या एका गावी आज्जी तिला घेऊन गेली होती. लिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ चा, पण माझ्या आईपर्यंत तो पोहोचला नव्हता. माझ्या वेळी आईने जायचे नाकारले, म्हणून मी आज हा लेख लिहीत आहे. त्या सोनोग्राफीच्या यंत्राने पोटातल्या जिवाला 'तुला स्वतःविषयी काय वाटते?' असे विचारले नव्हते. त्याने शरीर पाहिले आणि निकाल दिला. शरीर ही दुय्यम गोष्ट आहे असे मला कोणी पुस्तकातून सांगू लागले, की मला त्या न जन्मलेल्या बहिणीची आठवण होते.

शाळेतलेही असेच. आमच्या शाळेच्या मुलींच्या संडासाला कडी नव्हती. एकीने आत जायचे, दुसरीने दार धरून उभे राहायचे. पाचवी ते दहावी, सहा वर्षे आम्ही एकमेकींची दारे धरली. पाळीच्या दिवसांत तर मुली घरीच राहायच्या. म्हणून 'स्त्रियांची वेगळी जागा' ही कोणाला चैनीची मागणी वाटत असेल, तर त्याने कडी नसलेल्या दारामागे एकदा बसून पाहावे. माझी चौदा पाने टिपणे तयार झाली. शीर्षकही दिले : 'शरीर आणि सत्य'. मोठे भारदस्त वाटत होते.

मग दिवाळीची सुट्टी लागली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जोगतीण राहते. खरे तर जोगत्या. लहानपणी यल्लम्माला सोडलेला. आता वय पन्नाशीच्या पुढे. हिरवे लुगडे, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. मंगळवारी आणि शुक्रवारी डोक्यावर जग घेऊन जोगवा मागायला येते. वर्षातून एकदा सौंदत्तीला जाते. गल्लीतल्या बायका आणि आम्ही पोरी तिला अक्का म्हणतो. पुरुष तिचे जुने, बाप्यांचे नाव घेतात, तेही हसत. बायका 'ती' म्हणतात, पुरुष 'त्यो' म्हणतात. एका गल्लीत एकाच माणसाची दोन सर्वनामे आहेत, हे मला इंग्लंडातले भांडण वाचेपर्यंत कधी जाणवलेच नव्हते. अक्काला त्या देशातला 'ट्रान्स' हा शब्द लावावा का, हाही प्रश्नच आहे. तिला डॉक्टरने काही दिलेले नाही, देवीने दिले आहे, असे ती म्हणते. पण गल्लीच्या तोंडी जो प्रश्न आहे तो इंग्लंडातलाच.

सर्वनामांवरून आठवले. इंग्रजीत सगळी मारामारी 'ही' आणि 'शी' यांवर आहे. 'मी आले' आणि 'मी आलो' यांत त्यांना फरकच नाही. आपल्या मराठीत माणूस तोंड उघडून स्वतःविषयी बोलला की क्रियापदच सांगते, बोलणारा कोण आहे ते. पण आमच्या भागात याचीही गंमत आहे. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असेच म्हणतात. माझी आई, आज्जी, साऱ्या. अक्कासुद्धा तसेच म्हणते. तेव्हा अक्का बाईसारखी बोलते की बाप्यासारखी, हे कानाने ठरवणे आमच्या गल्लीत शक्यच नाही. मी स्वतः अकरावीपर्यंत 'मी आलो'च म्हणत होते. या कॉलेजात पहिल्या वर्षी हजेरीच्या वेळी "सर, मी आत्ताच आलो" म्हटले आणि वर्गात मोठा हशा झाला. एकाने मागून विचारले, "आलो की आले? नक्की ठरव की!" त्या दिवसापासून मी कॉलेजात 'आले' म्हणते आणि घरी 'आलो'. बसमध्ये कधी कधी दोन्ही चुकते.

दिवाळीत आई चकल्या करत होती आणि मी तिला माझी चौदा पाने समजावून सांगत होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ह्ये भांडान आमचं कवाच झालंय."

गावात घरोघरी संडास होण्याआधीची ही गोष्ट. पहाटे अंधारात बायका ओढ्याकडच्या बांधाला जायच्या. पुरुषांची वाट निराळी. अक्का तेव्हा तरणी होती. पुरुषांच्या वाटेने गेली की टवाळ पोरे तिची फजिती करायची, एकदा तर लुगडे फेडून घेतले. म्हणून ती बायकांच्या मागून यायला लागली. दोघीतिघी बायकांनी आरडाओरडा केला. 'बाप्याचं अंग हाय, आमच्यात नगं.' एकीला नवीन सून आणलेली होती, तिला फार लाज वाटायची. भांडण आमच्या आज्जीपर्यंत गेले. होय, तीच आज्जी, जिने आईला लांबच्या गावी नेले होते. तिने तोड काढली. अक्काने जाता-येता बायकांबरोबर चालायचे, म्हणजे वाटेत कोणी छेडणार नाही. ओढ्यावर मात्र बांधाच्या पलीकडे बसायचे.

"मग?" मी विचारले.

"मग काय. तसंच चाललं, संडास हुईस्तवर."

मला ही तोड फार आवडली. टिपणात घालायची म्हणून मी लगेच लिहून घेतली. दोन्ही बाजूंचे काही ना काही राहिले होते. मनात आले, इंग्लंडच्या विद्वानांनी आमच्या आज्जीला बोलवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अक्का जोगव्याला आली. मी मोठ्या उत्साहाने तिला उंबऱ्यावर बसवले आणि सर्व सांगितले. इंग्लंड, बाईंची नोकरी, मोर्चे, कोर्ट आणि शेवटी आज्जीची तोड. अक्का भंडाऱ्याची पिशवी आवळत ऐकत होती. आज्जीच्या तोडीवर ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बांदाच्या पल्याड साप निगायचं. दोनदा निगालं." आणि मग तिने मला जे विचारले ते अजून माझ्या कानात आहे. "त्या बायका भांडल्या, ह्या बायका भांडल्या. आन् आमच्यासारकी जी हाय, ती काय म्हनली? तिचं न्हाई लिवलंस?"

मी चौदा पाने चाळली. लिहिले नव्हते.

सुट्टीनंतर मी पुन्हा वाचायला बसले आणि मला सँडी स्टोन भेटल्या. (आडनाव स्टॉक आणि स्टोन, त्यामुळे माझ्या टिपणांत आधी घोटाळाच झाला.) या अमेरिकेतल्या. सत्तरच्या दशकात 'ऑलिव्हिया रेकॉर्ड्स' नावाची, फक्त स्त्रियांनी चालवलेली गाण्यांच्या तबकड्यांची एक कंपनी होती. स्टोन तिथे ध्वनिमुद्रणाचे काम करीत. त्या जन्माने पुरुष होत्या हे कंपनीतल्या स्त्रियांना माहीत होते आणि चालत होते. १९७९ मध्ये जॅनिस रेमंड यांचे 'द ट्रान्ससेक्शुअल एम्पायर' हे पुस्तक निघाले. अशा व्यक्ती म्हणजे स्त्रियांच्या घरात शिरलेले पुरुषच, असे त्याचे म्हणणे, आणि उदाहरण म्हणून त्यात स्टोन यांचे नाव होते. त्या सुमारास वाद इतका पेटला की स्टोन यांना ते काम सोडावे लागले. पुढे त्या कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात डॉना हॅरवे यांच्याकडे शिकल्या आणि रेमंड यांना उत्तर म्हणून एक दीर्घ निबंध लिहिला. तो १९९१ मध्ये छापून आला. त्यात त्यांनी रेमंड यांच्यावर नुसता राग काढलेला नाही. आपल्यासारख्यांना त्या म्हणतात की डॉक्टरांना हवी तशी गोष्ट सांगून, मागचे आयुष्य पुसून, बायकांत गुपचूप मिसळून जाऊ नका. आपली गोष्ट आपण सांगा.

म्हणजे काम सोडावे लागलेल्या बायका दोन होत्या. स्टॉक २०२१ मध्ये, आणि स्टोन त्यांच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी. माझ्या पहिल्या टिपणांत एकच होती.

यानंतर माझे सोपे झालेले सगळे अवघड झाले. ज्युडिथ बटलर यांच्या १९९० च्या 'जेंडर ट्रबल' विषयी वाचले. ते पुस्तक मला अर्धेच कळले, तेही मॅडमनी दोनदा सांगितल्यावर. शरीराकडे आपण पाहतो तेही समाजाच्या चष्म्यातूनच, असा त्याचा रोख. मला ते सोनोग्राफीच्या यंत्रापुढे पटत नाही. पण थोडे उलटे करून पाहिले तर पटते सुद्धा. यंत्राने फक्त शरीर दाखवले. ते शरीर नको, हे कोणी ठरवले? आज्जीने. आज्जीला कोणी शिकवले? हा धागा मी मॅडमना दाखवला तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "आता तू वाचते आहेस."

कायद्याचेही असेच कोडे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नाल्सा' खटल्यात सांगितले की आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही आपले म्हणणे मांडले होते. 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे त्यांचे मराठी आत्मकथन आपल्या ग्रंथालयात आहे. (माझ्या आधी ते कोणी नेलेले नव्हते.) २०१९ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्याची अट आली आणि तृतीयपंथीयांच्या संघटनांनी तिला विरोध केला. आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी, पाचही न्यायमूर्तींच्या एकमताने, निकाल दिला की तिथल्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जन्माने स्त्री असाच घ्यायचा. मात्र लिंग बदललेल्यांना भेदभावापासून असलेले निराळे संरक्षण कायम आहे. दोन देशांच्या दोन निकालांत अकरा वर्षे आणि एक दिवसाचे अंतर आहे, आणि तोंडे दोन दिशांना. त्याच्या आदल्याच महिन्यात ससेक्स विद्यापीठाला, मतस्वातंत्र्य सांभाळले नाही म्हणून, तिथल्या नियामक संस्थेने ५ लाख ८५ हजार पौंड दंड केला आणि विद्यापीठाने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. रुपयांत हिशेब करू नका, जेवण जात नाही.

सेमिनार जानेवारीत झाला. मी दोन्ही बाजू मांडल्या, पण गुळमुळीत मांडल्या नाहीत. मी म्हटले की स्टॉक यांना ज्या रीतीने घालवले ते मला अन्यायाचे वाटते. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्यावे, आणि स्टोन यांनी ते देऊन दाखवले आहे. मी असेही म्हटले की स्त्रियांच्या वेगळ्या जागांची मागणी खोटी नाही, मी तिथे दार धरून उभी राहिलेली आहे. आणि मग म्हटले की मत मांडण्याच्या स्वातंत्र्याविषयी आपण तासन् तास बोलतो, पण ज्या माणसाच्या असण्यावरच चर्चा चालू आहे त्याला ती चर्चा दुरून ऐकता येत नाही. त्याच्यासाठी ती उंबऱ्यात आलेली असते.

इथे मी अक्काचा उल्लेख केला. नाव नाही घेतले, 'आमच्या गावातील एक जोगतीण' एवढेच. आणि मागच्या बाकावरून टाळी वाजली. सभेतली टाळी नव्हे. तळहात आडवे करून वाजवतात ती. सर्वांना कळले. अर्धा वर्ग हसला. मुलीही हसल्या. मॅडम त्या क्षणी फळ्याकडे वळून वेळ लिहीत होत्या.

मी काय केले? मी पान उलटले. घसा कोरडा झाला होता, हातातले कागद हलत होते. 'तर यावरून असे दिसते की' असे म्हणून मी पुढच्या मुद्द्यावर गेले. पुढचा मुद्दा होता, विद्यापीठात निर्भयपणे बोलता आले पाहिजे. तो मी खड्या आवाजात वाचला. शेवटी सर्वांनी टाळ्या वाजवल्या, यावेळी नेहमीच्या. मला वीसपैकी अठरा गुण मिळाले.

मागच्या बाकावर कोण होता ते मला माहीत आहे. 'आलो की आले' विचारणाराही तोच होता. त्यालाही मी तेव्हा काही म्हटले नव्हते. तो वाईट मुलगा नाही. पावसात बस बंद पडली होती तेव्हा आम्हा चार मुलींना त्याने आपल्या वडिलांच्या टेम्पोतून गावापर्यंत सोडले होते. हे सारे लिहिल्यावर तो हे वाचेल आणि मला ओळखेल. ओळखावे. हा लेख लिही असे मॅडमनी सांगितले तेव्हा त्यांना सेमिनारच छापायला हवा होता. मला मात्र हे राहिलेले लिहायचे होते. वर्गात जे बोलायचे होते ते आता छापून बोलते आहे, म्हणजे दोन महिने उशिरा आणि तोंडासमोर नाही.

ससेक्समध्ये तोंडे झाकून उभ्या राहिलेल्या मुलांना मी टिपणात भित्री म्हटले होते. ते वाक्य मी सेमिनारच्या आदल्या रात्री खोडले नव्हते. नंतर खोडले.

सेमिनारनंतरच्या शुक्रवारी सकाळच्या बसला अक्का होती. तालुक्याच्या बाजाराला निघाली होती. मी तिच्याशेजारी बसले.

"झालं का तुजं भाषान?"

"झालं."

"माजं सांगिटलंस?"

"सांगितलं."

"काय म्हनली पोरं?"

मी खिडकीबाहेर पाहिले. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. "टाळ्या वाजवल्या," मी म्हटले.

अक्काने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. कोणत्या टाळ्या, असे तिने विचारले नाही.

तेवढ्यात कंडक्टर आले. मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात सरकारी बसमध्ये बायकांना अर्धे तिकीट झाले आहे. तेव्हापासून अक्काचे तिकीट हा त्या बसमधला रोजचा प्रश्न आहे. काही कंडक्टर न बोलता हाफ देतात, काही आधार कार्ड मागतात, आणि अक्काच्या आधारवर पुरुष लिहिले आहे. दाखला काढायला जिल्ह्याला जावे लागते, तर तिथपर्यंतचेही तिकीट फुलच, असे ती म्हणते आणि हसते. हे कंडक्टर नवीन होते. त्यांनी आधी अक्काकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मशीन हातात धरून थांबले. बिचाऱ्यांचीही पंचाईतच. ब्रिटनच्या पाच न्यायमूर्तींना जे ठरवायला महिने लागले, ते यांना पुढच्या स्टॉपच्या आत ठरवायचे होते.

मी पैसे पुढे केले आणि म्हटले, "दोन हाफ." आवाज जरा मोठाच निघाला. पुढच्या सीटवरच्या दोघी वळल्या.

अक्काने माझा हात खाली केला. कनवटीची पिशवी सोडून तिने स्वतःचे पैसे काढले, मोजले आणि कंडक्टरना म्हणाली, "एक फुल, एक हाफ. तिचं हाफ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्येच्या नोकरीला कशाला घोर? आन् सरक तिकडं, खिडकीला मी बसतो."